फ्रिजवरचे चाळीस चौकोन

आमच्या फ्रिजवर दर नोव्हेंबरात एक कागद लागतो. पट्टीनं आखलेले चाळीस चौकोन आणि प्रत्येक चौकोनात पेन्सिलीनं लिहिलेलं एक नाव. शेजारीच वाणसामानाची यादी असते. एका वर्षी बायकोनं घाईघाईत 'कोथिंबीर २ जुड्या, रवा ४ पाउंड' हे या कागदाच्या समासात, डेट्रॉईट टायगर्स या बेसबॉल संघाच्या डावखुऱ्या पिचरांच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांच्या, रांगेशेजारी लिहून टाकलं. लेकानं ते खोडलं नाही. पुढं बाण काढून लिहिलं, 'यांना यादीत घ्यायचं राहिलं तर कोण पळवेल?'

हा कागद आता आमच्या घरातला एक सणच झालाय. बेसबॉलचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे आटोपतो, इथं मिशिगनमध्ये संध्याकाळी साडेपाचलाच मिट्ट काळोख व्हायला लागतो, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर प्रत्येक संघाला ठरवावं लागतं की पदरी असलेल्या शे-दीडशे पोरांपैकी कुणाला राखायचं. राखता येतात चाळीस. त्या चाळिसांत नाव आलं की तो आपला, त्याला दुसरा कुणी हात लावू शकत नाही. नाव राहिलं, आणि पोरानं संघाच्या मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या शिकाऊ संघांत, चार-पाच वर्षं काढलेली असली, तर डिसेंबरात बाकीच्या एकोणतीस संघांपैकी कुणीही येऊन त्याला उचलून न्यावं. याला म्हणतात 'रूल फाइव्ह ड्राफ्ट'. नावात काही गूढ नाही. नियमावलीतला पाचवा नियम, म्हणून रूल फाइव्ह. शाळा-कॉलेजातल्या पोरांना पहिल्यांदा संघात घेण्याचा जो गाजावाजाचा ड्राफ्ट असतो, तो चौथा.

मी मूळचा सांगलीचा. डेट्रॉईटजवळच्या नोव्हाय गावात गेली सतरा वर्षं गाड्यांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज तपासत बसलोय. बेसबॉल मी पहिली आठ-दहा वर्षं घरात येऊ दिला नव्हता. तीन तास बघायचं आणि त्यात अडीच तास कुणीतरी थुंकतंय, टोपी नीट करतंय. मग लेक मोठा झाला आणि त्यानं तो दाराच्या फटीतून आत आणला. आता घरात सगळ्यात जास्त आरडाओरडा मीच करतो. खेळापेक्षा मला हे यादीचं प्रकरण चिकटलं, हे मात्र कबूल करायला हवं. कुणाला राखायचं आणि कुणाला उघड्यावर सोडायचं, यात माणसाचं मन जेवढं कळतं तेवढं नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगमध्येही कळत नाही.

आईला हे व्हिडिओ कॉलवर समजावून सांगितलं होतं. २०२०चा डिसेंबर. सगळं जग घरात बसलेलं, त्यामुळं आमचे कॉल तास तासभर चालायचे.

"म्हणजे पोरं पळवायचा कार्यक्रम," आई म्हणाली.

"पळवायचा नाही गं. पैसे मोजून न्यायचं. एक लाख डॉलर."

"रुपयात सांग."

"पाऊण कोटीच्या आसपास."

"अगंबाई! आणि नाही निघाला कामाचा तर?"

"तर पुढच्या अख्ख्या हंगामात त्याला मुख्य संघातच ठेवावं लागतं. सव्वीस जणांत. शिकायला म्हणून खालच्या संघात पाठवता येत नाही. नकोसा झाला तर आधी बाकीच्या संघांना विचारायचं, घेता का म्हणून. त्यांनीही नको म्हटलं, तर मूळ मालकाला परत. परत घेताना तो निम्मेच पैसे देतो."

आई जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे वर्षभर घरात ठेवायचा, पहिल्या पंक्तीला बसवायचा, काम येवो न येवो, माळ्यावर झोपायला पाठवायचं नाही. घरजावईच की रे."

मी आजवर या नियमावर इंग्रजीत बरंच वाचलंय. एवढ्या कमी शब्दांत कुणी सांगितलेलं नाही.

त्या वर्षी ड्राफ्ट कॉम्प्युटरवरून झाला. एरवी सगळे संघवाले एका हॉटेलात जमतात. लेक तेव्हा दहा वर्षांचा. शाळा लॅपटॉपवर, कॅमेरा बंद करून दुसऱ्या खिडकीत ड्राफ्ट ऐकत बसलेला, आणि मी माझी मीटिंग म्यूट करून त्याच्या खांद्यावरून वाकलेलो. हा ड्राफ्ट ऐकायला अगदी कंटाळवाणा असतो. रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा एक आवाज नावं वाचत जातो. पहिला पिट्सबर्ग. दुसरा टेक्सास. आदल्या हंगामात जो जितका खाली, त्याची पाळी तितकी आधी. तिसरे आम्ही. "डेट्रॉईट. अकील बडू. मिनेसोटाकडून."

"कोण?" मी.

"बडू, बाबा! सेंटर फील्डर!"

रात्री आईला सांगितलं. तिनं ऐकलं 'बंडू'. झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात अकील बडू म्हणजे बंडू, आणि आजतागायत आहे.

बंडूची पत्रिका बघितली तर कुणी मुलगी दिली नसती. बावीस वर्षांचा. २०१६ साली हायस्कूलमधून मिनेसोटा ट्विन्सनं घेतलेला. २०१९मध्ये २९ सामने खेळला, कोपराचा स्नायुबंध गेला आणि ऑपरेशन झालं. २०२०मध्ये कोविडमुळं मायनर लीगचा हंगामच झाला नाही. म्हणजे दीड वर्षाहून जास्त काळ सामना नाही, आणि जिथवर खेळलेला ती हाय-ए म्हणजे मोठ्या लीगच्या तीन पायऱ्या खाली. डबल-ए नाही, ट्रिपल-ए नाही. शिवाजी पार्कच्या नेटमधला पोरगा उचलून थेट मेलबर्नला कसोटीत उतरवण्यातला प्रकार.

ट्विन्सनं त्याला यादीबाहेर ठेवलं म्हणून नंतर त्यांना पुष्कळांनी मूर्खात काढलं. मला ते तेव्हाही पटलं नाही. ट्विन्स त्या वेळी चांगले होते. २०१९ आणि २०२०, दोन्ही वर्षी त्यांनी आमचा गट जिंकलेला. अशा घरात एकेक खुर्ची महाग असते. या वर्षी चषकासाठी धावायचं तर चाळिसावी खुर्ची उद्या उपयोगी पडेल अशा पिचरला द्यायची, की तीन वर्षांनी कदाचित उगवेल अशा पोराला? त्यात त्याला कुणी खेळताना बघितलंय कुठं? आमची गोष्ट उलटी. टायगर्सनी २०१९मध्ये ११४ सामने हरले होते. आमच्याकडं रिकाम्या खुर्च्याच खुर्च्या. ज्याच्या घरी पाहुणे येत नाहीत त्याला कुणालाही जेवायला बोलावणं परवडतं. आणि या नियमाची सगळी मजा इथंच आहे. श्रीमंताला जे ठेवायला जागा नाही, ते गरिबानं न्यावं. मात्र पोसायची हिंमत पाहिजे.

आणखी एक अट लोक विसरतात. तुमच्या स्वतःच्या चाळिसांत जागा रिकामी असेल तरच तुम्हाला उचलता येतं. यादी भरलेली असेल तर त्या दिवशी नुसतं ऐकत बसायचं.

मार्चमध्ये फ्लोरिडातल्या लेकलँडला सराव सामने झाले आणि बंडूनं त्यात पाच होमरन, म्हणजे बेसबॉलमधले षटकार, मारले. सरावाचे होमरन म्हणजे लग्नाआधीचं गोड बोलणं, त्यावर जाऊ नये, असं मी लेकाला बजावलं. तो संघात राहिला. पाठीवर साठ नंबर. सराव शिबिरात गर्दी असते तेव्हा उरलेसुरले मोठे आकडे नव्या पोरांना मिळतात, तसला नंबर.

४ एप्रिल २०२१, ईस्टरचा रविवार. आमच्याकडं थालीपिठं चालली होती आणि टीव्ही बैठकीत. टायगर्सच्या कोमेरिका पार्कमध्ये कोविडच्या नियमांमुळं मोजकीच माणसं, मधे मधे रिकाम्या हिरव्या खुर्च्या. समोर क्लीव्हलँडचा एरन सिव्हाली. बंडू फलंदाजीच्या क्रमात नववा, म्हणजे शेवटचा. मोठ्या लीगमधला त्याचा पहिला चेंडू. पहिला म्हणजे खरोखर पहिला. त्याआधी एकही बघितलेला नाही. डावखुरा तो, आणि चेंडू गेला डाव्या बाजूला, त्याच्या उलट्या अंगाला. मी उलथनं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा. चेंडू हवेत असतानाच लेक उशीवर चढला होता. भिंतीपलीकडं. कॅमेरा लगेच स्टँडमध्ये गेला, तिथं त्याचे आईवडील. एकमेकांना धरून नाचताहेत, रडताहेत, मास्क कुठल्या कुठं सरकलेत. माझं थालीपीठ करपलं. बायको काही बोलली नाही, तीही टीव्हीकडंच बघत होती.

दुसऱ्या दिवशी गावात आले कोण? मिनेसोटा ट्विन्स. तेव्हाच्या वेळापत्रकात एका गटातले संघ वर्षातून १९ वेळा एकमेकांशी खेळायचे, त्यामुळं ज्यांनी सोडलं त्यांच्याशी गाठ पडणारच होती. पण इतक्या लवकर? सोमवारी आम्ही सपाटून हरलो. ट्विन्सनी १५ धावा केल्या. सामना हातचा गेलेला असताना बंडू फलंदाजीला आला, तिन्ही बेसवर माणसं, आणि त्यानं ग्रँड स्लॅम, म्हणजे एका फटक्यात चार धावांचा होमरन, मारला. मंगळवारी बरोबरी झाल्यानं सामना दहाव्या इनिंगमध्ये गेला आणि तिथं त्याच्याच फटक्यावर आम्ही जिंकलो. तीन दिवसांत पहिल्या चेंडूवर होमरन, जुन्या मालकाच्या तोंडावर ग्रँड स्लॅम, मग त्याच जुन्या मालकाला हरवणारा फटका. असं कुणी कथेत लिहिलं तर संपादक परत पाठवेल.

"बाबा, ट्विन्सवाले आज काय म्हणत असतील?"

मी त्याला सांगितलं की काही म्हणत नसतील, त्यांच्या यादीतली चाळीस नावं पुन्हा एकदा बघत असतील. आम्ही दोघांनी मग ती यादी खरंच शोधून काढून वाचली. प्रत्येक नावापुढं लेक विचारत होता, हा बंडूपेक्षा चांगला का? तीस-पस्तीस नावांना मला 'हो' म्हणावंच लागलं. ते त्याला अजिबात आवडलं नाही.

त्याच वर्षी, त्याच ड्राफ्टमध्ये आमच्या लगेच नंतरची पाळी बोस्टनची होती. त्यांनी कुणाच्या घरात हात घालावा? न्यूयॉर्क यांकीजच्या. या दोघांचं वैर सांगायला नको. पिचर गॅरेट व्हिटलॉक. त्याचंही कोपराचं ऑपरेशन झालेलं, तोही दीड वर्ष न खेळलेला. २०२१मध्ये त्यानं बोस्टनसाठी ७३ इनिंग टाकल्या आणि दर नऊ इनिंगमागं दोन धावाही दिल्या नाहीत. ऑक्टोबरात यांकीज आणि बोस्टन एकाच सामन्यात जिंकू किंवा मरू म्हणून समोरासमोर आले, तेव्हा शेवटची इनिंग टाकायला बोस्टननं व्हिटलॉकलाच पाठवलं. यांकीज घरी गेले. न्यू जर्सीत माझा एक मित्र यांकीजवाला आहे, त्याला मी त्या रात्री फोन केला नाही. सकाळी केला.

आता याची दुसरी बाजू. ती बातम्यांत येत नाही, कारण तिथं काही घडतच नाही.

२०१७च्या ड्राफ्टमध्ये पहिली पाळी टायगर्सची होती आणि आम्ही ॲरिझोनाकडून व्हिक्टर रेयेसला घेतलं. २०१८चा अख्खा हंगाम तो मोठ्या संघात होता. शंभर सामन्यांत दिसला, बऱ्याचदा दुसऱ्याच्या जागी पळायला नाहीतर शेवटच्या इनिंगमध्ये फील्डिंगला. सरासरी ०.२२२, म्हणजे साडेचार प्रयत्नांत एक यशस्वी फटका; होमरन एक. तेवीस वर्षांचा पोरगा. या वयात त्यानं रोज खेळायला पाहिजे, खालच्या संघात वर्षाला पाचशे वेळा बॅट घेऊन उभं राहायला पाहिजे, चुकायला पाहिजे. त्याऐवजी तो बराचसा हंगाम डगआउटच्या कठड्याला टेकून सामने बघत बसला. संघ त्याला खेळवत नाही कारण तो तयार नाही, आणि तयार व्हायला पाठवत नाही कारण पाठवला तर जाईल. एक वर्ष भिजत घोंगडं. रेयेस पुढं बरा खेळला हे खरं, पण त्या एका वर्षात त्याचं काय शिजलं आणि काय करपलं, कोण सांगणार.

काही संघ यातून पळवाटा काढतात. पोराला बारीकसारीक दुखापत 'होते', तो जखमींच्या यादीत जाऊन बसतो आणि हंगाम निघून जातो. म्हणून नियमात आणखी एक कलम आहे, की किमान ९० दिवस तो धडधाकट म्हणून संघात असलाच पाहिजे, नाहीतर बंधन पुढच्या वर्षात सुरू राहतं. जिथं कलम तिथं आधी कुणीतरी चलाखी केलेली असते, हे मला ऑफिसातल्या नियमावल्या वाचून माहीत आहे.

हे बाकावरचं वर्ष आमच्याही घरात येऊन गेलं. २०२२च्या उन्हाळ्यात लेक एका ट्रॅव्हल टीममध्ये निवडला गेला. बारा पोरं, नऊ खेळणार. तो बारावा. आम्ही दर शनिवार-रविवार मिशिगन आणि ओहायोच्या मैदानांवर तास-दीड तास गाडी हाकत जायचो, कूलरमध्ये बटाट्याची भाजी आणि पोळ्या, आणि हा पठ्ठ्या स्कोअरबुक घेऊन बाकावर. कोचचा दोष नव्हता, पोरगा हळू पळतो, माझ्यासारखाच. बायकोनं एकदा गाडीत विचारलं, "सोडायचं का रे हे?" तर मागच्या सीटवरून आवाज आला, "नाही आई. मी रूल फाइव्ह आहे. मला पाठवता येत नाही." त्यानं त्या हंगामात अकरा वेळा बॅट धरली. त्यातले दोन फटके बेसवर घेऊन गेले. तारखा त्याला पाठ आहेत.

खेळाडूकडून बघितलं तर मात्र बाकावरचं ते वर्ष सोन्याचं असतं. २०२१मध्ये हाय-ए मधल्या पोराला आठवड्याला किमान ५०० डॉलर मिळायचे, तेही हंगाम चालू असेल तेवढेच आठवडे. तेव्हा चौघंजण एक खोली भाड्यानं घेऊन राहायचे, जमिनीवर गाद्या टाकायचे. त्याच वर्षी मोठ्या लीगचा किमान पगार होता ५,७०,५०० डॉलर. चाळिसांच्या यादीत नाव राहिलं नाही, ही बातमी नोव्हेंबरात वाईट, आणि तीच डिसेंबरात या आकड्यापर्यंत घेऊन जाते. म्हणून 'अनप्रोटेक्टेड', म्हणजे न राखलेला, हा शब्द ऐकला की मी बिचारा वगैरे म्हणत नाही.

नियम आहे तोच मुळी यासाठी. मोठ्या संघानं चांगली पोरं कोंडून ठेवू नयेत, स्वतः खेळवायची नाहीत आणि दुसऱ्यालाही द्यायची नाहीत, असं होऊ नये. मला इथं अमोल मुझुमदार आठवतो. रणजी पदार्पणात २६० धावा, पुढं अकरा हजारांहून जास्त प्रथम श्रेणी धावा, आणि भारताची टोपी एकदाही नाही, कारण मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण. शाळेत असताना सचिन-कांबळीची ६६४ची भागीदारी चालली होती तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून हाच पॅड बांधून बसलेला. आता देशादेशांत असला ड्राफ्ट होत नाही, होऊही नये. पण झिम्बाब्वेनं त्याला एक लाखात उचलला असता तर काय, हा विचार मी एका डिसेंबरात केलाय, खोटं कशाला बोलू.

या ड्राफ्टचं सगळ्यात मोठं नाव मात्र बंडू नाही आणि व्हिटलॉकही नाही. ते आहे रोबेर्तो क्लेमेंटे. पोर्तो रिकोचा पोरगा, १९५४मध्ये ब्रुकलिन डॉजर्सनी दहा हजार डॉलर बोनस देऊन घेतला. त्या काळचा नियम असा की चार हजारांवर बोनस दिला तर पोराला मुख्य संघात ठेवा, नाहीतर हंगामानंतर तो इतरांना खुला. डॉजर्सनी त्याला खाली माँट्रियालला धाडला आणि तिथं फारसा खेळवलाच नाही. पिट्सबर्गचा क्लाइड सुकफोर्थ दुसऱ्याच एका पिचरला बघायला रिचमंडला गेलेला. सामन्याआधीच्या सरावात आउटफिल्डमधून कुणीतरी चेंडू फेकतंय, आणि तो चेंडू येतोय असा की सुकफोर्थ पिचरला विसरला. त्या वर्षी पिट्सबर्ग आपल्या लीगमध्ये सगळ्यात तळाला, आणि पहिली पाळी त्यांची. चार हजार डॉलर मोजून क्लेमेंटेला घेऊन गेले. पुढं बरोबर तीन हजार हिट म्हणजे यशस्वी फटके, क्षेत्ररक्षणाचे बारा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार, वर्ल्ड सीरिजची दोन विजेतेपदं. १९७२च्या शेवटच्या दिवशी निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन निघालेल्या विमानात तो गेला.

लेकाला क्लेमेंटेपेक्षा हॅक विल्सनची गोष्ट आवडते, कारण ती टोलेडोत घडते. टोलेडो आमच्यापासून गाडीनं तासाभरावर. तिथला मड हेन्स संघ आज टायगर्सची ट्रिपल-ए शाखा आहे. १९२५मध्ये तिथं न्यूयॉर्क जायंट्सनी विल्सनला धाडलेला. बुटका, जाडजूड, पिंपासारखा गडी. हंगाम संपल्यावर त्याला राखायचे कागद करायचे राहून गेले, कारकुनी गफलत झाली म्हणतात, आणि शिकागो कब्सनी त्याला अलगद उचलला. १९३०मध्ये त्यानं १९१ धावा संघाला मिळवून दिल्या. एका हंगामातला तो विक्रम आजही मोडलेला नाही. एका न भरलेल्या कागदाची एवढी किंमत! ऑफिसात मी लेकाची ही गोष्ट दोनदा वापरलीय, दोन्ही वेळा अर्ज वेळेवर भरून आले.

२०२२च्या जूनमध्ये आम्ही टोलेडोला गेलो होतो, बंडूलाच बघायला. पहिल्या वर्षी त्यानं १२४ सामन्यांत १३ होमरन मारले, फटका नसताना पळून १८ बेस चोरले, सरासरी ०.२५९. सगळं छान. पण एक वर्ष झालं की घरजावयाचं कवच संपतं. आता संघ त्याला हवं तेव्हा खाली पाठवू शकतो. दुसऱ्या वर्षी पिचरांनी त्याचं वर्म ओळखलं, बॅट थंडावली आणि मे महिन्यात त्याला टोलेडोला पाठवलं. जे शिक्षण आधी व्हायला हवं होतं ते आता. आम्ही स्टेडियमच्या दारातून आत शिरलो आणि पाऊस सुरू झाला. तो सांगलीच्या पावसासारखा, थांबायचं नाव नाही. मैदानावर ताडपत्री ओढली. आम्ही तासभर स्टँडखाली हॉट डॉग खात, ओल्या बुटांनी उभे राहिलो. शेवटी सामना रद्द. लेकानं साठ नंबर लिहिलेला पुठ्ठा आणला होता, त्याची शाई वाहून त्याच्या हाताला लागली. परतीच्या वाटेवर तो हिरमुसला असेल असं वाटलं, तर म्हणाला, "हॅक विल्सन पण इथंच असायचा ना?" त्या काळचं मैदान वेगळं होतं, हे मी सांगितलं नाही.

बंडूचं पुढं असंच चाललं. काही महिने वर, काही महिने टोलेडो. मोठा तारा झाला नाही. ट्विन्सनं त्याला सोडलं ते चुकलं का, असं आज विचाराल तर मी खांदे उडवीन. आणि तरी ते तीन दिवस आमच्याकडं आहेत, त्यांच्याकडं नाहीत.

२०२४च्या डिसेंबरात शिकागो व्हाइट सॉक्सची पहिली पाळी होती. त्या वर्षी त्यांनी १२१ सामने हरले, आधुनिक काळात एवढे कुणी हरलेलं नाही. आम्ही त्यांच्यावर पोटभर हसलो. त्यांनी मिलवॉकीकडून शेन स्मिथ नावाचा पिचर उचलला. हा तर कॉलेजनंतरच्या मोठ्या ड्राफ्टमध्येही कुणी न घेतलेला, मिलवॉकीनं नंतर असाच करारबद्ध केलेला. म्हणजे दोनदा यादीबाहेर. २०२५च्या जुलैत तो ऑल-स्टार, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या, सामन्यासाठी निवडला गेला. आमचं हसू तिथं जरा आटलं.

परवा या वर्षीचा कागद लागला. लेक आता पंधरा वर्षांचा, बेसबॉल खेळायचं सोडलंय, शाळेच्या संघाचं स्कोअरबुक तोच लिहितो. अक्षर सुधारलंय. चौकोन मात्र अजून पट्टीनंच आखतो. रात्री जेवणं झाल्यावर दोघं फ्रिजसमोर उभे. दोन नावांवर वाद झाला, एक त्यानं खोडलं, एक मी. बायको डबे आत ठेवायला आली आणि दाराशी थांबून मोजायला लागली.

"एकोणचाळीसच आहेत. एक राहिला."

"राहिला नाही, आई. रिकामा ठेवलाय."

"का?"

"कुणाला आणायचं ठरलं तर जागा नको?"

तिनं फ्रिज उघडला, आमटीचं पातेलं कसंबसं आत सरकवलं आणि म्हणाली, "आणा. पण रवा संपलाय, तो आधी लिहा."